यादीचा रखवालदार राजदूत होतो तेव्हा

चाणक्यपुरीतील रूझवेल्ट हाऊसमध्ये आजवर नाना पेशांची माणसे राजदूत म्हणून राहून गेली. गॅलब्रेथ यांच्यासारखे अर्थतज्ज्ञ आले, मॉयनिहान यांच्यासारखे राजकारणाकडे डोळे लावून बसलेले प्राध्यापक आले, परराष्ट्र सेवेत केस पिकलेले मुत्सद्दीही आले. नोव्हेंबर २०१७ मध्ये तेथे दाखल झालेले केनेथ जस्टर पेशाने वकील होते आणि त्याआधीची सुमारे बारा वर्षे त्यांनी प्रामुख्याने उद्योगजगतात काढली होती. साउथ ब्लॉकमधील जुन्या अधिकाऱ्यांना मात्र त्यांची वेगळीच ओळख होती. भारतातील कोणत्या संस्थेला अमेरिकी यंत्र, सुटा भाग वा संगणक मिळावा आणि कोणाला मिळू नये, हे ठरविणाऱ्या कार्यालयाचे ते एकेकाळचे प्रमुख होते.

जस्टर यांचे शिक्षण हार्वर्डमध्ये झाले. पदवी, सार्वजनिक धोरण आणि कायदा असे तिन्ही अभ्यासक्रम त्यांनी तेथेच पुरे केले. पुढे वॉशिंग्टनच्या अर्नोल्ड अँड पोर्टर या नामांकित विधी संस्थेत ते वकिली करू लागले. १९८९ मध्ये थोरल्या बुश यांच्या राजवटीत ते परराष्ट्र खात्यात उपमंत्री लॉरेन्स ईगलबर्गर यांचे सहायक झाले आणि १९९३ मध्ये पुन्हा वकिलीत परतले. वकिलीतून सरकारात, सरकारातून वकिलीत किंवा कंपनीत, ही ये-जा अमेरिकेत कोणाला खटकत नाही. स्पर्धा परीक्षेच्या एकाच दारातून आत शिरून निवृत्तीच्या दाराने बाहेर पडणाऱ्या आपल्या अधिकाऱ्याला तिचे नवल वाटते आणि थोडा हेवाही.

भारताशी त्यांचा खरा संबंध आला तो २००१ मध्ये. धाकट्या बुश यांनी त्यांना वाणिज्य खात्यात ‘अंडर सेक्रेटरी’ नेमले. या पदनामाने आपल्याकडे गैरसमज होण्याचा संभव असतो. दिल्लीच्या सचिवालयातील अवर सचिव म्हणजे उतरंडीत बराच खाली बसलेला अधिकारी. अमेरिकेत मात्र या पदाची नेमणूक अध्यक्ष करतात आणि तिला सिनेटची संमती लागते. जस्टर यांच्या हाती निर्यात नियंत्रणाचे काम होते. १९९८ च्या पोखरण चाचण्यांनंतर अमेरिकेने दोनशेहून अधिक भारतीय संस्था व त्यांच्या शाखा निर्बंधांच्या यादीत घातल्या होत्या. अणुऊर्जा, अवकाश आणि संरक्षण संशोधन अशा सर्वच क्षेत्रांना तिची झळ बसली. सप्टेंबर २००१ मध्ये बुश यांनी चाचण्यांमुळे लादलेले निर्बंध उठविले आणि पाठोपाठ यादीलाही मोठी कात्री लागली. पण यादी संपली नाही आणि जुना संशयही पुरता गेला नाही.

तो संशय कमी करण्याचे किचकट काम जस्टर यांच्याकडे आले. २००२ च्या अखेरीस उच्च तंत्रज्ञान सहकार्य गट स्थापन झाला. फेब्रुवारी २००३ मध्ये परराष्ट्र सचिव कंवल सिब्बल आणि जस्टर यांनी या व्यापाराच्या तत्त्वांवर सह्या केल्या. अमेरिकेला हमी हवी होती की दिलेली वस्तू ठरल्या कामासाठीच वापरली जाईल आणि तिसऱ्याच्या हाती पडणार नाही. भारताचे म्हणणे असे, की तंत्रज्ञानाच्या प्रसाराबाबत ज्याची पाटी कोरी आहे त्याच्याशी संशयिताप्रमाणे वागू नये. जानेवारी २००४ मध्ये वाजपेयी आणि बुश यांनी व्यूहात्मक भागीदारीतील पुढील टप्प्यांची घोषणा केली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पहिला टप्पा पुरा होताना इस्रोचे मुख्यालय यादीतून बाहेर पडले. जुलै २००५ च्या अणुसहकार्याच्या निवेदनाचे श्रेय मनमोहनसिंग आणि बुश यांना दिले जाते आणि ते योग्यच आहे. तथापि त्याखालची जमीन परवान्यांच्या या रूक्ष वाटाघाटींनी तयार केली होती.

२००५ मध्ये जस्टर सरकारातून बाहेर पडले. सेल्सफोर्स या सॉफ्टवेअर कंपनीत कार्यकारी उपाध्यक्ष आणि २०१० पासून वॉरबर्ग पिंकस या गुंतवणूक कंपनीत भागीदार, असा त्यांचा पुढील प्रवास झाला. २०१७ च्या जानेवारीत ते ट्रम्प यांच्या आर्थिक सल्लागारांच्या चमूत आले. सप्टेंबरमध्ये राजदूतपदासाठी त्यांचे नामांकन झाले आणि नोव्हेंबरच्या आरंभी सिनेटने आवाजी मताने ते मंजूर केले. भारत ठाऊक असलेला आणि व्हाइट हाऊसमध्ये बसून आलेला राजदूत मिळाला, या जाणिवेने दिल्लीत समाधान होते.

ते अर्धेच खरे ठरले. जुलै २०१८ मध्ये अमेरिकेने भारताला सामरिक व्यापाराच्या परवान्यांबाबत पहिल्या श्रेणीत घेतले. आशियात तोवर जपान आणि दक्षिण कोरिया हे दोनच देश तेथे होते. अणुपुरवठादार गटाचे सदस्यत्व नसतानाही भारताला हे स्थान मिळाले. सप्टेंबर २०१८ मध्ये लष्करी संपर्क यंत्रणांचा आणि ऑक्टोबर २०२० मध्ये भूस्थानिक माहितीचा करार झाला. हे सारे जस्टर यांच्या जुन्या विषयाचे होते. त्यातील प्रत्येक अट त्यांना पाठ होती.

व्यापारात मात्र उद्योजक जस्टर यांना यश आले नाही. जानेवारी २०१८ मधील पहिल्या मोठ्या भाषणात त्यांनी सुचविले होते की चीनमध्ये अडचणीत आलेल्या अमेरिकी कंपन्यांसाठी भारताने पर्यायी केंद्र व्हावे आणि कालांतराने मुक्त व्यापार कराराकडे जावे. दोनच महिन्यांत ट्रम्प यांनी पोलादावर २५ टक्के आणि ॲल्युमिनियमवर १० टक्के शुल्क लादले. जून २०१९ मध्ये भारताची विशेष आयात सवलत काढून घेतली गेली आणि भारताने बदाम, अक्रोड, सफरचंदांसह २८ वस्तूंवर वाढीव शुल्क लावून उत्तर दिले. सारा दोष वॉशिंग्टनचा म्हणावा, तर हृदयाच्या स्टेंटवरील किंमत-मर्यादा आणि ई-व्यापाराचे डिसेंबर २०१८ चे नियम दिल्लीतच ठरले होते. फेब्रुवारी २०२० मध्ये अहमदाबादच्या मोटेरा मैदानावर लाखभर लोक जमले, हेलिकॉप्टरांची खरेदी झाली. व्यापार करार झाला नाही. जानेवारी २०२१ मधील निरोपाच्या भाषणात जस्टर यांनी हे अपयश स्वतःच बोलून दाखविले.

कारण उघड आहे. परवान्यांची किल्ली त्यांच्याच पूर्वीच्या कार्यालयात होती. शुल्काची किल्ली व्यापार प्रतिनिधी रॉबर्ट लाइटहायझर आणि खुद्द अध्यक्ष यांच्या हाती. राजदूत कितीही जाणकार असला, तरी त्याची धाव त्याच्या राजधानीने ठरविलेल्या कुंपणापर्यंतच. भारताने १९७७ मध्ये नानी पालखीवाला यांना वॉशिंग्टनला पाठविले तेव्हाही असेच घडले. घटनेचे असे वकील विरळा आणि टाटा समूहातील अनुभवही मोठा; परंतु तारापूरच्या इंधनाचा प्रश्न त्यांच्या वाक्पटुत्वाने सुटणारा नव्हता, कारण १९७८ मध्ये अमेरिकी काँग्रेसने अण्वस्त्रप्रसारबंदीचा कायदाच केला.

जस्टर गेल्यानंतर दिल्लीतील पद दोन वर्षांहून अधिक काळ रिकामे राहिले. एरिक गार्सेटी २०२३ मध्ये आले. यादी त्यानंतरही शिल्लक होतीच. ट्रॉम्बेचे भाभा अणुसंशोधन केंद्र त्यातून वगळले गेले ते जानेवारी २०२५ मध्ये. सिब्बल आणि जस्टर यांच्या सह्यांना तेव्हा जवळजवळ बावीस वर्षे होत आली होती.