जुन्या लहान ट्रॅक्टरास बाहेरची हायड्रॉलिक जोडणी

खातेफोड होतां होतां आपल्या राज्यांतील जमिनीचे तुकडे किती लहान झाले, हें वाचकांस सांगावयास नकोच. सन १९७०-७१ च्या कृषिगणनेंत महाराष्ट्रांतील वहितीचें सरासरी क्षेत्र ४.२८ हेक्टर होतें. तें २०१५-१६ च्या गणनेंत १.३४ हेक्टरांवर आलें. आमच्यासारख्या ज्यांचा जन्म सात-बाराच्या दप्तरांत गेला, त्यांना ही उतरण आंकड्यांवांचूनहि दिसत होती. एवढ्या जमिनीवर पन्नास अश्वशक्तीचें धूड पोसणें परवडत नाहीं, आणि द्राक्षाच्या दोन ओळींत तें शिरतहि नाहीं. सबब पंधरा ते पंचवीस अश्वशक्तीचे लहान ट्रॅक्टर नाशिक-सांगलीकडील बागाइतांत पुष्कळ झाले, आणि त्यांतील कित्येकांस आतां बरींच वर्षें होऊन गेलीं आहेत.

या जुन्या ट्रॅक्टरांचें इंजिन अद्याप शाबूत असतें. अडतें तें एके ठिकाणीं. मागची लिफ्ट अवजार उचलते खरी, पण उलटी होणारी ट्रॉली किंवा हायड्रॉलिक पलटी नांगर चालवावयाचा म्हणजे तेल ट्रॅक्टराबाहेर नेऊन परत आणणाऱ्या नळ्या पाहिजेत, आणि त्या कित्येक जुन्या लहान ट्रॅक्टरांस नसतात. विक्रेत्याकडे गेल्यास तो जुना देऊन नवा घ्या म्हणतो. शेतकऱ्याची ऐपत मात्र एका व्हॉल्व्हाची व चार नळ्यांची असते. ही जोडणी मागाहून करतां येते. वर्कशॉपांत तिला ऑक्झिलरी व्हॉल्व्ह बसविणें म्हणतात. परंतु तेल कोणत्या वाटेनें जातें व कोणत्या वाटेनें परत येतें हें मालकास ठाऊक नसलें, तर फिटर जें करील तें त्यास मुकाट्यानें पत्करावें लागतें. म्हणून हा लेखनप्रपंच.

द्रवावर एके जागीं दिलेला दाब त्याच्या सर्व अंगांस सारखाच पोंचतो, हा सिद्धांत पास्कल या फ्रेंच पंडितानें सतराव्या शतकांत मांडला. त्यावर लंडन येथें जोसेफ ब्रामा यानें १७९५ सालीं दाबयंत्राचें पेटंट घेतलें. पुढें हॅरी फर्ग्युसन याची तीन सांध्यांची हायड्रॉलिक लिफ्ट १९३९ सालीं फोर्डच्या ९-एन ट्रॅक्टरावर आली, व तेथून ती सर्वत्र पसरली. तत्त्व एकच असलें तरी तेल खेळविण्याच्या रीति दोन आहेत, आणि आपला ट्रॅक्टर कोणत्या रीतीचा हें पाहिल्यावांचून एकहि नट सैल करूं नये.

पहिली रीति वाहत्या पाटासारखी आहे. लहान ट्रॅक्टरांत बहुधा गिअर पंप असतो. इंजिन चालूं आहे तोंवर तो तेल ढकलीतच राहतो. थांबणें त्याला ठाऊक नाहीं. लिफ्ट स्वस्थ असली म्हणजे तें तेल व्हॉल्व्हाच्या मधल्या मोकळ्या वाटेनें टाकींत परत येतें. लिव्हर उचलला कीं मधली वाट बंद होऊन तेल लिफ्टच्या जॅकांत शिरतें. पाट सतत वाहता आहे, आपण फक्त दारें धरतों, असा हा प्रकार. यास ओपन सेंटर म्हणतात.

दुसरी रीति फर्ग्युसनच्या वंशांतली. मॅसी फर्ग्युसन ३५ व १३५ यांसारख्या ट्रॅक्टरांत पंप मागील पेटींतील तेलांत बुडालेला असून त्याचें नियंत्रण तेल ओढणाऱ्या बाजूस आहे. लिव्हर मध्यावर असला तर पंपाचे दट्टे हलतात पण तेल ढकलीत नाहींत. अशा ट्रॅक्टरास ओपन सेंटरचा व्हॉल्व्ह नुसता जोडला तर त्यांतून कांहींच वाहणार नाहीं. लिव्हर सतत पंप करण्याच्या खुणेवर नेऊन ठेवावा लागतो, आणि तेलाची वाट वरच्या झांकणावरील पट्टींतून काढावी लागते. हें काम निराळें आहे. पुढील विवेचन पहिल्या रीतीच्या ट्रॅक्टरांपुरतें समजावें.

आमच्या पाहण्यांत आलेली सर्वांत सामान्य चूक म्हणजे टी लावणें. पंपाकडून लिफ्टकडे जाणाऱ्या नळीस टी बसवून तिची एक शाखा नव्या व्हॉल्व्हाकडे न्यावयाची, असें कित्येक फिटर बिनदिक्कत करितात. घरच्या पाण्याच्या नळास हें चालतें, कारण तेथें पाणी तुंबलेलें असतें. वाहत्या पाटास नुसता फांटा फोडला तर पाणी उताराकडेच धांवणार. लिफ्टच्या मधून तेलाला टाकींत जाण्याची मोकळी वाट असतांना तें भरलेली ट्रॉली उचलण्याचे कष्ट कशाला घेईल? ट्रॉली हालत नाहीं, मग पंप गेला असें निदान होतें, आणि चांगला पंप बदलला जातो. एका बागाइतदारानें अशा रीतीनें दोन पंप बदललेले आम्हांस ठाऊक आहेत.

बरोबर रीत अशी कीं, पाट तोडून नवा व्हॉल्व्ह त्याच्या वाटेंतच बसवावा. पंपाची नळी आधीं नव्या व्हॉल्व्हांत जावी, आणि व्हॉल्व्ह स्वस्थ असतां तेंच सगळें तेल पुढें लिफ्टकडे जावें. त्यासाठीं व्हॉल्व्हास कामाच्या नळ्यांखेरीज तीन तोंडें लागतात. एक पंपाकडून येणारें, दुसरें लिफ्टकडे पुढें जाणारें आणि तिसरें टाकींत परत जाणारें. बाजारांत स्वस्त मिळणाऱ्या पुष्कळ व्हॉल्व्हांस यांतील दोनच तोंडें असतात. पुढें जाणारें तोंड नसलें म्हणजे फिटर टाकीचें तोंडच लिफ्टला जोडून मोकळा होतो. कांहीं दिवस तें चालतेंहि. परंतु ती बाजू बिनदाबाच्या परतीच्या तेलासाठीं केलेली असते; लिफ्टनें जड अवजार उचललें कीं सगळा दाब तिच्यावर येतो, आणि एके दिवशीं सील फुटून तेल बाहेर उडतें. व्हॉल्व्ह घेतांना पुढें जाणारें तोंड आहे काय, व त्यांत घालावयाची बाही सोबत मिळते काय, हें विचारूनच पैसे मोजावे. ती बाही आंत बसविल्याखेरीज तें तोंड आपलें काम करीत नाहीं.

रिलीफ व्हॉल्व्हाचा विचारहि याच ठिकाणीं केला पाहिजे. दाब मर्यादेबाहेर वाढला तर तेलाला टाकींत वाट देणारा हा रखवालदार कित्येक ट्रॅक्टरांत लिफ्टच्या अंगांतच असतो. नवा व्हॉल्व्ह त्याच्या आधीं बसला, आणि त्याचा लिव्हर ओढलेला असतांना जॅक शेवटास टेंकला, तर तेल त्या रखवालदारापर्यंत पोंचतच नाहीं. नळी तरी फुटते किंवा पंप तरी. म्हणून नव्या व्हॉल्व्हांत स्वतःचा रिलीफ असावा व तो ट्रॅक्टराच्या पुस्तकांतील दाबापेक्षां किंचित् खालींच ठेवावा. जोर कमी वाटतो म्हणून स्प्रिंगखालीं वायसर घालून दाब वाढविण्याची जी टूम निघाली आहे, ती सर्वस्वी त्याज्य होय.

जोडणीनें पंपाची शक्ति वाढत नाहीं, ही गोष्ट हिशेबानेंच पटेल. पंप मिनिटास १५ लिटर तेल देतो व दाब दर चौरस सेंटिमीटरास १५० किलो आहे असें धरूं. आपले आंकडे ट्रॅक्टराच्या पुस्तकांत पाहावे. यांत सुमारें पांच अश्वशक्ति खर्च होते. ५० मिलिमीटर व्यासाच्या जॅकाच्या दट्ट्याचें क्षेत्र १९.६ चौरस सेंटिमीटर. म्हणजे जोर सुमारें २,९०० किलो. पलटी नांगर फिरविण्यास तो भरपूर आहे. परंतु २५ सेंटिमीटर चालीच्या अशा जॅकास अर्धा लिटरच तेल लागतें, व तें दोन सेकंदांत भरतें. नांगर धाडकन् उलटतो. नळींत तेल आंवळणारी अरुंद भोंकाची चकती बसविली म्हणजे हा दणका जातो. अठरा-वीस अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरास पलटी नांगर लावण्याचा हव्यास मात्र आम्हांस फारसा पसंत नाहीं. नांगर वजनदार, ट्रॅक्टर हलका. बांधावर अवजार उचललें कीं पुढचीं चाकें अधांतरीं होतात.

ट्रॉलीची गोष्ट वेगळी. ९० मिलिमीटर व्यासाचा व ७० सेंटिमीटर चालीचा जॅक साडेनऊ टनांचा जोर देतो व सुमारें अठरा सेकंदांत पुरा वर येतो. शेणखत वा माती ओढणाऱ्यास एका माणसाच्या फावड्याचें काम वांचतें. पण या जॅकांत साडेचार लिटर तेल जातें. लहान ट्रॅक्टराच्या पेटींतून तेवढें तेल एकदम बाहेर गेलें तर पातळी खालीं जाऊन पंप हवा ओढूं लागतो. तेल फेंसाळतें, पंप किंचाळतो. यावर उपाय म्हणून ट्रॉली वर असतांना तेल ओतूं नये, कारण ती खालीं येतांच तें सगळें परत येऊन उतूं जातें. जॅक पूर्ण मिटवून खुणेपर्यंत तेल भरावें, मग एकदां उचलून पंपाचा आवाज ऐकावा. आवाज बदलला तर तो जॅक त्या ट्रॅक्टरास मोठा आहे.

ट्रॉली आपल्या वजनानें खालीं येते, म्हणून तिला एकमार्गी स्पूल व एकच नळी पुरते. पलटी नांगरास दोन्ही बाजूंनीं ढकलावें लागतें. तेथें दुमार्गी स्पूल व दोन नळ्या. दुमार्गी स्पूलाचें एक तोंड बुजवून ट्रॉली चालवितात. तसें केलें तर खालीं आणतांना पंप त्या बुजलेल्या तोंडावर धडका देत बसतो. दोन्ही कामें करावयाचीं असल्यास दोन स्पूलांचा व्हॉल्व्ह घ्यावा. नवा व्हॉल्व्ह काम करीत असतां लिफ्टला तेल मिळत नाहीं, हें चालकानें जाणून असावें.

नळ्यांत काटकसर नको. पाण्याचा जी. आय. पाइप या दाबास कदापि वापरूं नये; दाबाचा आंकडा छापलेलीच होज घ्यावी. सांध्यांत टेफ्लॉन टेप गुंडाळूं नये, तिचे धागे स्पूलांत अडकतात. डाउटी वायसर वापरावा. कपलरास झांकण नसलें तर शेतांतली धूळ थेट तेलांत जाते. पुष्कळ लहान ट्रॅक्टरांत तेंच तेल गिअरांनाहि पुरवावयाचें असतें, म्हणजे नुकसान लिफ्टपुरतें राहत नाहीं. शेजाऱ्याची ट्रॉली मागून आणली तर तिच्या जॅकांतलें तेल, त्यांतल्या पाण्यासह, आपल्या ट्रॅक्टरांत येतें, हेंहि लक्षांत असूं द्यावें. तेल दुधाळ दिसलें आणि रात्रभर ठेवूनहि निवळलें नाहीं, तर तें पाणी समजावें व तेल बदलावें.

आतां जिवाची गोष्ट. उचललेल्या ट्रॉलीखालीं भक्कम आधार दिल्याशिवाय कोणींहि शिरूं नये; एक होज फुटण्याचा अवकाश, ती त्याच क्षणीं खालीं येते. गळती हातानें चांचपूं नये. सुईएवढ्या छिद्रांतून उडणारें तेल कातडी भेदून आंत शिरतें. जखम मुंगी चावल्याएवढी दिसते, पण आंतलें मांस सडून बोट वा हात कापावा लागतो. गळती पुठ्ठा धरून पाहावी. तेल आंत शिरल्याची शंका आली तर दुखण्याची वाट न पाहतां त्याच तासांत शस्त्रक्रिया होणाऱ्या दवाखान्यांत जावें, आणि दाबाचें तेल शिरलें आहे असें डॉक्टरांस स्पष्ट सांगावें.

ज्यांची लिफ्ट आजच उचललेलें अवजार धरून ठेवीत नाहीं किंवा पंप पुरा दाब देत नाहीं, त्यांनीं आधीं ती दुरुस्ती करावी. दाबाचें गेज लावून तपासणें हें पांच मिनिटांचें काम आहे. जोडणी झाल्यावर पहिले दहा तास काम होतांच इंजिन बंद करून, जॅक मिटवून, सर्व सांधे पुनः आंवळावे व तेलाचा फिल्टर काढून धुवावा किंवा बदलावा. नव्या नळ्यांतला लोखंडाचा कीस बहुतेक त्यांतच सांपडतो.