यंत्राचा डोळा आणि वैद्याचा विवेक

शरीर न चिरता आतले पाहता यावे, ही वैद्यकाची जुनी आकांक्षा. १८९५ साली राँटगेन यांना क्ष-किरण सापडले आणि ती अंशतः सफल झाली. परंतु त्या चित्रात पुढचे-मागचे अवयव एकमेकांवर पडतात. हाऊन्सफील्ड यांनी शरीरातून अनेक कोनांनी किरण सोडून संगणकाकरवी आडव्या छेदाचे चित्र जुळविले. असा पहिला सीटी स्कॅन लंडनमध्ये १९७१ साली झाला.

पुढे त्याचा प्रसार किती झाला, हे अमेरिकेत पाहावे. १९८० साली तेथे वर्षाला सुमारे ३० लक्ष सीटी स्कॅन होत. २००७ च्या सुमारास तो आकडा ६ कोटींपलीकडे गेला. निसर्गाकडून माणसाला वर्षाकाठी सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट किरणमात्रा मिळते. पोटाच्या एकाच स्कॅनमध्ये सुमारे ८! एकट्या रुग्णाचा कर्करोगाचा धोका त्याने अल्पच वाढतो. पण कोट्यवधींच्या हिशेबात तो अल्प राहत नाही. मुलांना तर तो अधिक. म्हणून २००८ साली तेथील तज्ज्ञांनी मुलांसाठी मात्रा बेताची ठेवण्याची मोहीम काढली. यंत्रेही सुधारली. २००६ ते २०१६ या दशकात स्कॅन वाढले, तरी वैद्यकीय तपासण्यांतील दरडोई मात्रा १५ ते २० टक्क्यांनी उतरली.

तेव्हा स्कॅनला भिणे हा शहाणपणा नव्हे. डोक्याला जबर मार लागला असता तोच प्राण वाचवितो. आपण डॉक्टरांना दोनच प्रश्न विचारावे : या चित्राने उपचारात फरक पडेल काय? आणि ज्यांत हे किरण नसतात, त्या सोनोग्राफीने वा एमआरआयने भागेल काय?