फडावरचा वाचक

सार्वजनिक ग्रंथालयाचे पुनरुज्जीवन म्हणजे व्याख्याने व ग्रंथप्रदर्शने, असा समज रूढ आहे. पाथर्डी तालुक्यातील तिसगावच्या परिसरात तो अपुरा पडतो. या तालुक्यातील अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी स्थलांतर करतात व उन्हाळ्याच्या तोंडी परततात. हंगामभर हा वाचक फडावर असतो. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाने अनुदानाची वाट खुली केली खरी. परंतु प्रतवारी स्थिर ग्रंथालय गृहीत धरते. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानातर्फे विनायक रानडे यांनी २००९ साली आरंभिलेल्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ उपक्रमात पुस्तकांची पेटीच वाचकांकडे जाते आणि ठरावीक काळाने दुसऱ्या गटाच्या पेटीशी बदलली जाते. अशी पेटी टोळीबरोबर देता येईल. मात्र फाटक्या, हरवलेल्या प्रतींचा भार मुकादमावर न टाकता वाचनालयानेच सोसावा.