लाटेवरचा खेळ आणि डोंगरावरचा पहारा

समुद्राची लाट किनाऱ्याकडे धावू लागली की तिच्या पाठीवर लांबट फळी टाकावयाची, फळीवर तोल सावरून उभे राहावयाचे आणि लाटेच्याच वेगाने किनारा गाठावयाचा, हा सर्फिंगचा खेळ मूळचा पॅसिफिक महासागरातील बेटांवरचा. हवाई बेटांत राजघराण्यापासून सामान्य जनांपर्यंत सर्वांना त्याची गोडी होती. विसाव्या शतकात तो जगभर पसरला आणि 2021 साली टोकियो येथे भरलेल्या ऑलिंपिक सामन्यांत त्याला प्रथमच स्थान मिळाले. आपल्या देशातही कर्नाटकातील मुळकी व चेन्नईजवळचे कोवलम येथे तरुण मंडळी हा खेळ आवडीने खेळतात. मात्र या खेळाचे क्रीडांगण माणसाच्या मालकीचे नाही. ज्या पाण्यात खेळाडू आनंदासाठी उतरतो, त्याच पाण्यात शार्क मासा आपल्या उदरभरणासाठी फिरत असतो.

कोकणच्या मासळीबाजारात मोरी किंवा मुशी या नावांनी मिळणारा मासा याच कुळातला. शार्कच्या पाचशेहून अधिक जाती ज्ञात आहेत. त्यांतील बहुतेक माणसाच्या वाटेला जात नाहीत. गंभीर हल्ल्यांचा दोष मुख्यतः तीन जातींकडे जातो : पांढरा शार्क, वाघ्या शार्क आणि नदीमुखांतही शिरणारा बुल शार्क. अमेरिकेतील फ्लोरिडा येथे जगभरातील अशा घटनांची नोंद ठेवली जाते. त्या नोंदीनुसार 2023 साली माणसाने डिवचले नसताना शार्कने चावा घेतल्याच्या 69 घटना घडल्या आणि त्यांत 10 जण दगावले. कोट्यवधी लोक समुद्रात उतरतात हे ध्यानी घेता ही संख्या अल्पच होय. परंतु चावा बसलेल्यांपैकी दहांतील चार जण सर्फिंग किंवा तत्सम फळीचे खेळ खेळणारे होते. शिवाय ज्या घरचा मुलगा परत येत नाही, त्या घराचे सांत्वन आकड्यांनी होत नाही. म्हणून या खेळाडूंचे रक्षण कसे करावे, हा प्रश्न अनेक देशांपुढे उभा राहिला. दक्षिण आफ्रिकेतील दोन शहरांनी त्याची दोन भिन्न उत्तरे शोधली.

पहिले शहर डर्बन. गांधीजींच्या चरित्रामुळे हे नाव आपल्या परिचयाचे आहे. 1943 ते 1951 या काळात तेथील किनाऱ्यावर शार्कच्या हल्ल्यांत सात माणसे प्राणास मुकली. ऑस्ट्रेलियात सिडनी येथे 1937 पासून समुद्रात जाळी लावण्यात येत होती. तोच मार्ग डर्बनने 1952 साली पत्करला. पुढे डिसेंबर 1957 ते एप्रिल 1958 या अवघ्या चार महिन्यांत डर्बनच्या दक्षिणेकडील गावांच्या किनाऱ्यांवर एकामागून एक हल्ले झाले. घाबरलेल्या पर्यटकांनी किनारा सोडला, हॉटेले ओस पडली. आरमारी नौकेने पाण्यात स्फोटके टाकूनही पाहिली. परंतु मेलेल्या माशांच्या वासाने आणखीच शार्क तेथे गोळा झाले. अखेर 1964 साली या कामासाठी एक स्वतंत्र मंडळ स्थापन झाले व जाळ्यांचा विस्तार झाला.

ही जाळी म्हणजे समुद्रात घातलेले कुंपण, असा पुष्कळांचा समज असतो. वास्तविक तसे नाही. सुमारे 214 मीटर लांब व 6 मीटर खोल अशी ही जाळी किनाऱ्यापासून काही अंतरावर, मध्ये मोकळ्या जागा ठेवून सोडलेली असतात. शार्क त्यांच्या वरून, खालून वा बाजूने सहज येऊ शकतो. जाळ्यांत सापडलेल्या शार्कपैकी सुमारे एक तृतीयांश तर किनाऱ्याकडून परत जाताना अडकलेले आढळतात. म्हणजे जाळे शार्कला अडवीत नाही, मारते. आणि त्यांची संख्या घटल्यामुळे धोका घटतो. डर्बनच्या किनाऱ्यावर जाळी लागल्यापासून एकही प्राणघातक हल्ला झालेला नाही, हे या उपायाचे यश मान्य केलेच पाहिजे. परंतु त्याच जाळ्यांत निरुपद्रवी शार्क, डॉल्फिन आणि समुद्री कासवे यांचाही बळी जातो. हे मोल फार मोठे आहे.

दुसरे शहर केप टाऊन. त्याच्या दक्षिणेस फॉल्स बे नावाचा विस्तीर्ण उपसागर असून त्याच्या काठी म्यूझनबर्ग हे सर्फिंगचे जुने ठिकाण आहे. रहस्यकथांची प्रसिद्ध लेखिका अगाथा ख्रिस्ती हिनेही 1922 साली येथेच लाटेवर फळी टाकली होती. या उपसागरात पांढऱ्या शार्कचा वावर असे. आणि 1991 साली दक्षिण आफ्रिकेने या जातीला कायद्याने संरक्षण दिले होते. अशा प्राण्याला न मारता माणसाला कसे वाचवावे? निसर्गानेच येथे एक सोय करून ठेवली होती. किनाऱ्यालगत डोंगर उभा आहे, आणि उंचावरून पाहिल्यास स्वच्छ पाण्यातील शार्कची काळी आकृती दिसू शकते. या साध्या गोष्टीवर 2004 साली पहारेकऱ्यांची योजना उभी राहिली.

डोंगरउतारावर बसलेला पहारेकरी, पाण्यावरील झळाळी कमी करणारा चष्मा लावून व दुर्बीण हाती घेऊन, तासन्‌तास समुद्र न्याहाळतो. किनाऱ्यावरील त्याच्या सोबत्याशी त्याचा बिनतारी संपर्क असतो. खाली चार प्रकारच्या झेंड्यांपैकी एक लावलेला असतो. हिरवा झेंडा म्हणजे पाणी स्वच्छ दिसते आहे व शार्क आढळलेला नाही. काळा म्हणजे ढग, वारा वा गढूळपणा यांमुळे नीट दिसत नाही. लाल म्हणजे धोका अधिक आहे, सावध असा. आणि शार्कचे चित्र असलेला पांढरा झेंडा चढला व भोंगा वाजला की सर्वांनी तत्काळ पाण्याबाहेर यावयाचे. जवळच्या फिश होक येथे 2013 पासून बारीक विणीचे एक निराळे जाळेही वापरात आले. ते खरोखरीचे कुंपण होय. त्यात प्राणी अडकत नाहीत, आणि ते दिवसा लावून सायंकाळी काढून घेतात.

या योजनेचे मर्म मात्र झेंड्यात नसून झेंडा मानण्यात आहे. 2011 साली याच फिश होक येथे पांढरा झेंडा फडकत असताना एक गृहस्थ पोहावयास उतरले. पहारा चुकला नव्हता, इशारा दिला गेला होता. तरी त्यांना एक पाय गमवावा लागला. किनाऱ्यावरील दोघांनी जिवावर उदार होऊन त्यांना बाहेर ओढले म्हणून प्राण तेवढे वाचले.

अलीकडच्या वर्षांत फॉल्स बेमध्ये पांढरे शार्क क्वचितच दिसतात. शार्कची शिकार करणारे किलर व्हेल तेथे येऊ लागले, हे त्याचे एक कारण मानले जाते.

विज्ञानानेही या कामी हातभार लावला आहे. शार्कच्या नाकाडावर सूक्ष्म छिद्रे असून त्यांच्या योगे त्याला क्षीण विद्युतप्रवाहही जाणवतो. इटालियन शास्त्रज्ञ लोरेन्झिनी याने 1678 साली या छिद्रांचे वर्णन केले. त्यांचे कार्य पुष्कळ काळानंतर उमगले. आज या जाणिवेवर आघात करणारी विद्युत उपकरणे फळीला जोडता येतात. दक्षिण ऑस्ट्रेलियात अशा पाच साधनांची पांढऱ्या शार्कवर परीक्षा घेऊन 2018 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सर्वांत प्रभावी ठरलेल्या विद्युत उपकरणामुळे शार्कने आमिष घेण्याचे प्रमाण 96 टक्क्यांवरून 40 टक्क्यांवर आले. धोका निम्म्याहून कमी झाला, पण नाहीसा झाला नाही, हे खरेदी करणाऱ्याने विसरू नये.

म्हणूनच जाणते लोक खेळाडूंना काही साधे नियम सांगतात. पहाटे व सांजवेळी, गढूळ पाण्यात अथवा नदीच्या मुखाशी उतरू नये. माशांचे थवे उसळत असतील व पक्षी पाण्यात सूर मारीत असतील, तेथून दूर राहावे. एकट्याने जाऊ नये. दुर्दैवाने कोणास चावा बसलाच, तर बहुधा मृत्यू ओढवतो तो रक्तस्रावाने. पायाची जखम असल्यास जांघेच्या मध्यभागी मूठ घट्ट रोवून सर्व भाराने दाबावे, वैद्यकीय मदत येईपर्यंत दाब सोडू नये, असा सल्ला ऑस्ट्रेलियातील डॉक्टरांनी दिला आहे.

आपल्या किनाऱ्यांवर शार्कपेक्षा ओढ घेणाऱ्या प्रवाहांचे भय अधिक. गोव्यात जीवरक्षक लाल झेंडे रोवतात, तरी ते ओलांडून पाण्यात शिरणारे आढळतातच. सुट्टीत मुलाबाळांसह समुद्रावर गेल्यावर पाण्याआधी झेंड्याकडे पाहण्याची सवय घरातील वडीलधाऱ्यांनी लावावी. दुसऱ्याच्या जिवासाठी उन्हात डोळे ताणून बसणाऱ्या माणसाचे ऐकणे, एवढेच काम आपल्या वाट्याला असते; आणि ते अवघड नाही.