ट्रॉलीत जागा वाढवा, वजन नका वाढवू



आज बोंडअळीचा मेसेज नाही, बाजारभावाचाही नाही. आज मोटारसायकलच्या मागे लावतो त्या लहान ट्रॉलीबद्दल बोलायचं आहे. कापूस वेचणीला आला की सभासदांचे फोन सुरू होतात, "ताई, ट्रॉली लहान पडून रायली, फळ्या वाढवून घेऊ काय?" प्रश्न बरोबर आहे. बैलजोडी बऱ्याच घरी उरली नाही आणि चार गाठोड्यांसाठी ट्रॅक्टरवाला वावरात येत नाही. मग राहते ती मोटारसायकल आणि तिच्यामागची ट्रॉली.

मेसेज मोठा आहे. सावकाश वाचा, पण वेल्डिंगवाल्याकडे जाण्याआधी वाचा.

*आधी आमच्या घरचं सांगते*

बाबांची ट्रॉली चार फूट लांब, तीन फूट रुंद. कापूस मावत नव्हता म्हणून मीच म्हटलं, मागून दीड फूट वाढवून घ्या. काम सोपं होतं, दोन पाईप मागे जोडले, वर पत्रा टाकला, अर्ध्या दिवसात ट्रॉली तयार. त्याच आठवड्यात भाऊ वावरातून घरी निघाला. पुढे कापसाची गाठोडी, आणि पाण्याची मोटर शेवटी उचलली म्हणून सगळ्यात मागे, त्या नव्या दीड फुटात. नाल्याच्या उताराला ट्रॉलीचं शेपूट डावी-उजवीकडे हलायला लागलं. त्याने ब्रेक दाबला. मोटारसायकल थांबू पाहते आणि ट्रॉली मागून ढकलते. गाडी आडवी झाली, डाव्या हाताचं हाड मोडलं. त्या वर्षीची उरलेली वेचणी आई आणि मी केली.

शेतीची पदविका माझ्याकडे होती, सल्ला माझा होता, आणि तो चुकीचा होता. गावातल्या एका आजोबांनी ट्रॉली नुसती पाहिली आणि म्हणाले, "बाप्पा, हे तर उलाळ झालं!"

*उलाळ म्हणजे काय, हे बंडीवाल्यांना विचारा*

बंडी भरताना माल मागे जास्त गेला की जू वर उचललं जातं. ती बंडी उलाळ. जुने लोक पोती पुढे-मागे सरकवून बैलांच्या खांद्यावर बेताचा भार ठेवायचे. खूप पुढे गेला तर बैल दबतो, मागे गेला तर बंडी उलटते. मोटारसायकलच्या ट्रॉलीला हाच नियम आहे, फक्त बैलाच्या जागी हुक आहे.

भरलेल्या ट्रॉलीचं एकूण वजन १०० किलो असेल तर त्यातलं साधारण १० किलो दांडीच्या टोकावर, म्हणजे हुकावर यायला हवं. ५ झालं तर ट्रॉली डुलते. २० झालं तर मोटारसायकलचं मागचं चाक दबतं, पुढचं हलकं होतं आणि हँडल हातात राहत नाही.

घरी मोजता येतं. सपाट जागेवर ट्रॉली भरा, चाकांना दगड लावा, दांडीचं टोक हुकाच्या उंचीवर ठेवून खाली वजनकाटा ठेवा. काटा नसेल तर हाताने उचलून पाहा. भरल्या बादलीइतकं जड लागलं तर ठीक. दांडी आपोआप वर गेली तर ती ट्रॉली जोडूच नका.

आता आमचा दीड फूट कसा नडला ते पाहा. एक्सलपासून हुक ५ फुटांवर आहे असं धरा. एक्सलच्या २ फूट मागे २० किलोची वस्तू ठेवली तर हुकावरचे ८ किलो कमी होतात (२० गुणिले २, भागिले ५). म्हणजे नीट भरलेल्या ट्रॉलीतले १० किलो होते, त्यातले २ उरले. आणि आमची मोटर २० किलोपेक्षा बरीच जड होती.

म्हणून मागे वाढवू नका. फार तर मागची फळी बिजागरीवर पाडायची करा, माल चढवायला-उतरवायला सोपं जातं.

*मग जागा कुठे वाढवायची?*

वर. पण फक्त कापसासाठी.

चार बाय तीनच्या ट्रॉलीला एक फूट उंची वाढवली की १२ घनफूट, म्हणजे सुमारे ३४० लिटर जागा वाढते. न दाबता भरलेला कापूस तेवढ्यात ५० किलोच्या आतबाहेर बसतो. त्याच जागेत सुटं सोयाबीन भरलं तर अडीचशे किलोच्या वर जातं. पाणी भरलं तर ३४० किलो. जागा तीच, पण एकात मोटारसायकल आरामात चालते आणि दुसऱ्यात क्लच जळतो, उताराला ब्रेक लागत नाही.

आपली साधी १०० सीसी गाडी स्वतः ११० किलोच्या आसपास असते. तिचे ब्रेक दोन माणसांच्या हिशेबाने केलेले, ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक नाही. माझा सल्ला, ट्रॉलीसकट मालाचं वजन १०० ते ११० किलोवर नेऊ नका आणि मागे दुसरा माणूस बसवू नका. "आम्ही तर तीन पोते नेतो" असं बरेच जण सांगतात. सपाट रस्त्याला नेत असाल. आपल्या तालुक्यात मन-म्हैसच्या काठाकडचे पांदण रस्ते नाल्यात उतरतात आणि परत चढतात, तिथला हिशेब वेगळा आहे. युरियाचं पोतं ४५ किलोचं, डीएपीचं ५० किलोचं. रिकामी ट्रॉली ३५-४० किलोची असेल तर एका खेपेला एकच पोतं, फार तर वर थोडं सामान. वाडेगावकडच्या लिंबूवाल्यांनी कॅरेट मोजूनच ठेवावे, एक कॅरेट २० किलोच्या आसपास जातं.

उंचीच्या फळ्या काढता-घालता येतील अशा करा. ट्रॉलीच्या चार कोपऱ्यांना पाईपचे तुकडे वेल्ड करून घ्या, त्यात फळ्यांचे खुंट बसतील, वरून पिन. कापसाच्या दिवसांत लावायच्या, खत आणायला जाताना घरी ठेवायच्या. फळ्या घरी असल्या की जास्त भरायचा मोहच होत नाही, हा माझा अनुभव.

फळ्या पत्र्याच्या करू नका. १४ फूट घेर आणि एक फूट उंची म्हणजे १४ चौरस फूट. १ मिलिमीटर जाडीचा पत्रा लावला तरी नुसत्या पत्र्याचेच १० किलो होतात, सांगाडा वेगळा. एक इंची चौकोनी पाईपची चौकट आणि आतून जाळी पुरते. बंडीला लावायचो तशी बांबूची तट्टी सगळ्यात हलकी, फक्त कापसाला कुसळ लागणार नाही याची काळजी घ्या. आतून जुनं सुती लुगडं किंवा चादर लावा. प्लास्टिकच्या पोत्याचे धागे कापसात गेले तर प्रत खराब होते. वरून ताडपत्री हवीच. सीसीआय १२ टक्क्यांपर्यंतच ओलावा घेते, आणि सकाळच्या दवात उघडा नेलेला कापूस तुम्ही घरी वाळवलेला असला तरी पुन्हा ओल धरतो.

दुसरी जागा एक्सलच्या पुढे, फरशीच्या खाली. तिथे एक बसकी पेटी बसते. पाने, पक्कड, दोरी, कोयता, जेवणाचा डबा. वजन खाली राहतं आणि हुकावरचा भार किंचित वाढतो, म्हणजे फायदाच. पेटीच्या तळापासून जमीन निदान पाऊण फूट राहू द्या, नाहीतर पावसाळ्यात काळ्या मातीत पेटीच वखर होते.

दांडीवर मात्र काही ठेवू नका. वळताना मोटारसायकलचं मागचं चाक तिथेच येतं.

गुजरातमध्ये अमरेली जिल्ह्यातल्या मनसुखभाई जगानींनी बुलेट मोटारसायकलला मागचं चाक काढून दोन चाकांचा जोड लावला आणि त्यावर डवरणी-पेरणी केली, ती 'बुलेट सांती' म्हणून गाजली. फोटो पाहून बरेच जण विचारतात की आपणही असं करू का. त्यांनी चाकापासून सगळी रचना बदलली होती. आपण चाक तेच ठेवतो आणि वरचं ओझं तेवढं वाढवतो.

*औषधाची पेटी वेगळी*

खरं तर हा मेसेज लिहायला मी बसले ते यासाठी. वावरात फिरताना मी ट्रॉलीत पाहते, कीटकनाशकाची बाटली, तिच्यावर भाकरीची फडकी आणि शेजारी पाण्याची कॅन. जागा नाही, म्हणून सगळं एकत्र. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. ते फवारताना झालं, पण बाटली गळून डब्याला लागली तर विष तेच आहे. कीटकनाशक नियम १९७१ मध्येही औषधं अन्नाच्या किंवा चाऱ्याच्या संपर्कात येतील अशी नेऊ नयेत असं आहे.

जागा वाढवायचीच आहे तर पहिली ही पेटी करा. ट्रॉलीच्या डाव्या बाजूला बाहेरून, चाकाच्या पुढे. कडी-कोयंडा आणि कुलूप. आत प्लास्टिकचा ट्रे, म्हणजे गळलं तरी खाली जाणार नाही. वरच्या बाजूला वाफ जायला दोन भोकं. आत बाटल्या उभ्या, मोजमाप, हातमोजे, मास्क आणि थोडी कोरडी माती, सांडलं तर वर टाकायला. लेबल काढू नका, लाल त्रिकोणाची बाटली सगळ्यात विषारी हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. आणि औषध पाण्याच्या बाटलीत ओतून न्यायचं नाही, थोडंसं असलं तरी नाही.

जेवणाचा डबा दुसऱ्या पेटीत, उजव्या बाजूला. बाजू ठरवून टाकली की घाईत चूक होत नाही.

फवारणीचं पाणी २०० लिटरच्या ड्रममध्ये नेऊ नका. भरला तर २०० किलो, आणि अर्धा भरला तर पाणी हिंदकळून ट्रॉलीला झोके देतं. २०-२० लिटरच्या झाकणाच्या कॅन काठोकाठ भरा, एक्सलच्या जरा पुढे बसवा, दोरीने बांधा.

*रस्त्यावर नेण्याआधी*

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी पुस्तकातल्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही. अपघात झाला तर विमावाले आधी हेच पाहतात. अकोल्याच्या आरटीओत विचारल्याशिवाय सार्वजनिक रस्त्यावर नेऊ नका, आणि ५३ नंबरच्या हायवेवर तर नाहीच. तिथे ट्रकच्या वाऱ्यानेही उंच फळ्यांची ट्रॉली सरकते. ट्रॉलीत माणूस बसवायचा नाही, लहान मूल तर मुळीच नाही. वेचणीहून परतताना पोरं वर गाठोड्यावर बसलेली मी स्वतः पाहिली आहेत, नाव घेत नाही.

हुकाची पिन सुटली तरी ट्रॉली धरून ठेवेल अशी एक साखळी जोडा. मागे दोन लाल रिफ्लेक्टर लावा, फळ्या लावल्यावर ते झाकले जाणार नाहीत अशा जागी. उताराला पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये उतरा, क्लच दाबून गाडी सोडू नका.

ट्रॉली वाढवायची असेल त्यांनी वेल्डिंगला जाण्याआधी तिचा बाजूने काढलेला फोटो मला याच नंबरवर पाठवा. सोबत तीन मापं लिहा: लांबी, रुंदी, एक्सलपासून हुकापर्यंतचं अंतर. पेटी कुठे बसेल ते खूण करून परत पाठवते. आमच्या ट्रॉलीचा मागचा दीड फूट बाबांनी कापून टाकला. त्याच पाईपची औषधाची पेटी झाली आहे, तिचा फोटो या मेसेजखाली टाकते.