कामाच्या नमुन्यांचें संकेतस्थळ आणि वाचकाचे डोळे

कलाविद्यालयांत प्रवेश अथवा कोठें काम मागणाऱ्या विद्यार्थ्यास आपल्या कामाचे नमुने आतां बहुधा संकेतस्थळावर मांडून दाखवावे लागतात. यासच पोर्टफोलिओ म्हणतात. पूर्वीं चित्रांची वही घेऊन स्वतः जावें लागे, व न समजलेली गोष्ट पाहणारा तेथेंच विचारी. संकेतस्थळ पाहणारा कांहीं विचारीत नाहीं. वाचतां येईना तर तो पान मिटतो. बदलापुराहून निघालेल्या लोकलच्या गर्दींत, एका हातानें कडी धरून दुसऱ्या हातांतील मोबाईलवर कोणी आपलें पान पाहील, हें बेलवलीच्या विद्यार्थ्यानें ध्यानांत ठेवावें. अनेक महिन्यांचे श्रम केवळ अक्षरें अस्पष्ट म्हणून वायां जावेत, याहून खेदाची गोष्ट कोणती?

आपल्या लिपीची अडचण इंग्रजीहून निराळी आहे. देवनागरींत शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार व अनुस्वार बसतात, आणि खालीं उकार लोंबतात. इंग्रजीसाठीं आखलेलें ओळींतील अंतर तसेंच ठेवलें तर वरचा उकार खालच्या वेलांटीवर आदळतो. हा प्रश्न नवा नाहीं. मुंबईस अमेरिकन मिशनच्या छापखान्यांत थॉमस ग्रॅहम यांच्या हाताखालीं शिकलेले जावजी दादाजी यांनीं १८६९ सालीं निर्णयसागर छापखाना काढला. तेथील सुबक टाइपानें देवनागरी छपाईस मोठा लौकिक मिळवून दिला. पुढें संगणकासाठीं र. कृ. जोशी यांनीं 'मंगल' हा टंक रेखाटला. खिळा शिशाचा असो वा संगणकांतला, मात्रा व उकार यांना जागा द्यावीच लागते.

यास्तव पुढील गोष्टी सांभाळाव्या. जगभर मानल्या जाणाऱ्या सुगमतेच्या नियमांत ओळींचें अंतर दीडपट व ओळीची लांबी फार तर ८० अक्षरें सुचविली आहे. मराठीस अंतर किंचित् अधिकच द्यावें. अक्षर व पार्श्वभूमि यांच्या उजळपणाचें प्रमाण निदान ४.५ : १ असावें, पांढऱ्यावर काळ्याचें तें २१ : १ भरतें. फिकट करडीं अक्षरें नाजूक दिसतात खरीं, परंतु उन्हांत तीं दिसेनाशीं होतात, आणि वडील माणसांच्या डोळ्यांस शीण देतात. शोभेसाठीं अक्षरें एकमेकांपासून दूर सारूं नयेत, कारण त्यानें शिरोरेषा तुटते. मजकूर युनिकोडमध्येंच लिहावा. जुन्या पद्धतीच्या टंकांतील मराठी दुसऱ्याच्या यंत्रावर निरर्थक चिन्हें होऊन बसते. पानाची भाषा मराठी आहे अशी नोंद केली, तर कित्येक टंक आपला पाकळीयुक्त ल व देठयुक्त श आपोआप दाखवितात. मजकुराचेंच चित्र करून तें लावूं नये. अंध वाचकासाठीं पान वाचून दाखविणाऱ्या यंत्रास तें वाचतां येत नाहीं.

आतां मांडणीविषयीं. आरंभीं आपलें नांव व आपण काय करतों हें एका ओळींत सांगावें. पन्नास नमुन्यांपेक्षां निवडक दहा बरे. प्रत्येकाखालीं वर्ष, साधन व सामुदायिक काम असल्यास त्यांतील आपला वांटा प्रामाणिकपणें लिहावा. चित्रावर अक्षरें पसरूं नयेत. तसें केल्यानें दोघांचीही हानि होते. चित्रांचा भार हलका ठेवावा, म्हणजे मंद जोडणीवरही तीं लवकर उघडतात.

विद्यार्थिमित्रहो, पान सिद्ध झाल्यावर तें मोबाईलवर उघडून भर दुपारीं अंगणांत घरांतील वडील माणसाच्या हातीं द्या, व स्वतः गप्प राहा. त्यांना तुमचें नांव, काम व हेतु विनासायास वाचतां आला तर तें पान उत्तम समजावें. पालकांनींही ही परीक्षा आनंदानें घ्यावी, आणि जेथें डोळा अडखळेल तेथें तसें स्पष्ट सांगावें. वाचणाऱ्याची सोय पाहणें हीच खरी शोभा होय.