आजीचं इन्सुलिन आणि कॉपी-पेस्ट न होणारं जनुक

जुलै २०१८ मध्ये वसई बुडाली तेव्हा आमच्या उमेळ्यातही लाइट गेली. फ्रिज बंद. आईने आजीची इन्सुलिनची बाटली मडक्यात ठेवली, मडक्याला ओलं फडकं गुंडाळलं. टॉर्च धरून मी लेबल वाचत होतो: 'आर-डीएनए ओरिजिन'. म्हणजे काय? आजचा एपिसोड त्यावरच.

पूर्वी इन्सुलिन गाई-डुकरांच्या स्वादुपिंडातून काढायचे. १९७८ मध्ये अमेरिकेत ते ई. कोलाय या जिवाणूकडून बनवून घेतलं. माणसाचं जनुक उचललं, जिवाणूत टाकलं, झालं? नाही ना!

आपल्या पेशीत डीएनए केंद्रकात बंद असतो. जनुकाची आरएनए प्रत आधी तिथेच बनते. इन्सुलिनच्या जनुकात मध्येच दोन इंट्रॉन आहेत, म्हणजे प्रथिनासाठी न लागणारे तुकडे. ते कापून टोकं जोडली जातात आणि मगच प्रत बाहेर रायबोसोमकडे जाते. जिवाणूला केंद्रकच नाही. आरएनए अर्धवट बनलेला असतानाच रायबोसोम त्यावर बसून प्रथिन बनवायला लागतो. आपल्या पेशीतली कापाकापीची यंत्रणाही त्याच्याकडे नाही. आमच्या भाषेत, आपली पेशी एडिट करून रिलीज करते, जिवाणू टाइप होताहोताच रन करतो! इंट्रॉनसकट जनुक दिलं तर तो इंट्रॉनही वाचत सुटेल, आणि हाती येईल कचरा.

गंमत म्हणजे इंट्रॉन असतात हेच १९७७ मध्ये कळलं होतं. मग शास्त्रज्ञांनी इंट्रॉन नसलेला डीएनए प्रयोगशाळेत रसायनांपासूनच बनवला. इन्सुलिनच्या २१ आणि ३० अमिनो आम्लांच्या दोन साखळ्या जिवाणूंत वेगवेगळ्या बनवून नंतर जोडल्या. शिवाय जनुक चालू करायचं बटणही जिवाणूचंच लावावं लागलं, माणसाचं त्याला कळत नाही.

आपल्याकडे वोकहार्टने २००३ मध्ये आणलेलं इन्सुलिन मात्र यीस्टमधलं. यीस्ट एकपेशीय असलं तरी केंद्रकवालं, आपल्या बाजूचं. इंट्रॉन काढूनच द्यावे लागतात, पण प्रथिनाची नीट घडी घालून ते पेशीबाहेर सोडणं त्याला जमतं. जिवाणूत बऱ्याचदा त्याचा गोळा होतो, तो सोडवत बसा. (बारावीत बायो सोडल्याचं वाईट वाटतं ते इथे.)

आजीची बाटलीही यीस्टवालीच. तिला म्हटलं, ताडी आंबवतं ना, त्याचंच हे भावंड. बाटलीत ते नसतं, फक्त शुद्ध केलेलं इन्सुलिन असतं. आजी म्हणाली, "डॉक्टर ताडी पिऊ नको म्हणतो, आणि सुईतून तेच देतो होय रे?"